दुखण्यावरील औषध आणि औषधाचे दुखणे

संधिवाताने गुडघे धरलेल्या वृद्ध माणसाच्या उशाशी दोन गोष्टी हमखास आढळतात. एक वेदनाशामक गोळ्यांची पट्टी, आणि दुसरी त्या गोळ्यांच्या जोडीला दिलेली पित्ताची गोळी. औषध देणारा दुकानदार एक सूचनाही न विसरता देतो : ‘उपाशीपोटी घेऊ नका.’ ही सूचना इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागे वैद्यकशास्त्राचा एक शतकाहून जुना पेच दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जे औषध सांध्याचा दाह शमविते, तेच जठरात व्रण निर्माण करते. एका ठिकाणची आग विझवावी, तर ती दुसऱ्या ठिकाणी पेट घेते. असे का व्हावे, आणि दाह तेवढा शमावा पण पोट मात्र सुरक्षित राहावे अशी काही युक्ती साधेल काय, या प्रश्नाने अनेक संशोधकांना पछाडले. त्यांपैकी काहींनी एक विलक्षण उत्तर शोधले. दाहशामक औषधाच्याच रेणूला त्यांनी एक शेपूट जोडले, आणि त्या शेपटातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटेल अशी व्यवस्था केली. या प्रयत्नाची हकीकत केवळ रसायनशास्त्राची नाही. एखादी कल्पना पटणे आणि ती रोग्याच्या उपयोगी ठरणे यांत किती अंतर असते, याचीही ती हकीकत आहे.

या औषधांचे मूळ झाडाच्या सालीत आहे. आपल्याकडे नदीकाठी उगवणारे वाळुंज ज्या कुळातले, त्याच कुळातला विलो हा वृक्ष इंग्लंडात ओढ्याकाठी सर्वत्र दिसतो. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या धर्मोपदेशकाने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले, की या झाडाची वाळवून पूड केलेली साल हिवतापाच्या सुमारे पन्नास रोग्यांना देऊन त्याने गुण आलेला पाहिला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतील कडू द्रव्य वेगळे केले आणि त्यापासून सॅलिसिलिक आम्ल बनविले. हे आम्ल ताप उतरवी, सांध्यांची सूजही कमी करी. परंतु ते घेतल्यावर पोटात जी जळजळ होई, ती कित्येकांना मूळ दुखण्याहून असह्य वाटे. १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमान याने त्या आम्लाला अॅसिटिल गट जोडून शुद्ध स्वरूपातील अॅस्पिरिन तयार केले. १८९९ मध्ये ते बाजारात आले आणि पाहता पाहता जगभर पसरले.

अॅस्पिरिन आधीच्या आम्लापेक्षा सौम्य होते खरे. पण निरुपद्रवी नव्हते. १९३८ साली लंडनमधील डाउथवेट आणि लिंटॉट या वैद्यांनी रोग्यांच्या जठरात दुर्बीण उतरवून पाहिले, तेव्हा अॅस्पिरिनमुळे जठराचे अस्तर लाल होऊन सुजलेले त्यांना प्रत्यक्ष दिसले. पुढील तीन-चार दशकांत इंडोमेथासिन, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक अशी नवनवी दाहशामके आली. यांतील डायक्लोफेनॅकचे नाव भारतात गिधाडांच्या विनाशामुळे वेगळ्याच कारणाने गाजले, आणि २००६ साली गुरांवरील उपचारांत त्याच्या वापरावर बंदी आली. औषधे नवी आली, त्यांची शक्ती कमीअधिक होती. पण पोटाची तक्रार मात्र सर्वांच्या मागे सावलीसारखी राहिली. ही तक्रार केवळ जळजळीची नसते. पुष्कळदा वेदना जाणवतच नाही, कारण वेदना दाबणे हेच तर या औषधांचे काम. आत व्रण पडतो, तो वाढतो, आणि एके दिवशी काळा शौच किंवा रक्ताची उलटी हीच त्याची पहिली वार्ता ठरते. वृद्धांच्या बाबतीत अशी वार्ता कधीकधी शेवटचीही ठरते.

असे का होते, याचे मर्म १९७१ साली उलगडले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये काम करणाऱ्या जॉन व्हेन यांनी गिनीपिगच्या फुप्फुसांच्या अर्कावर प्रयोग करून दाखविले, की अॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची इतर औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. ही द्रव्ये बनविण्याचे काम सायक्लोऑक्सिजनेज नावाचे एक एंझाइम करते. औषध त्या एंझाइमचेच हात बांधते. दुखावलेल्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिने सूज आणतात, वेदना तीव्र करतात. म्हणून ती थांबली की आराम पडतो. परंतु हीच द्रव्ये जठरात निराळी नोकरी बजावीत असतात. अन्न पचविणारे तीव्र आम्ल स्वतः जठरालाच पचवून टाकू नये, म्हणून अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर राखणे, आम्ल मारणारा क्षार पाझरविणे आणि अस्तराखाली रक्ताचा ओघ चालू ठेवणे, ही कामे त्यांच्यावर सोपविलेली आहेत. घरात शिरलेल्या चोराला पकडण्यासाठी गावातले सगळे दिवे मालवावेत, तसा हा प्रकार होतो. या शोधाबद्दल व्हेन यांना १९८२ साली सून बर्गस्ट्रम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या उलगड्यातून ‘उपाशीपोटी घेऊ नका’ या सूचनेची मर्यादाही कळून आली. गोळी अस्तराला चिकटून जी थेट इजा करते, ती अन्नामुळे थोडी कमी होते. परंतु मुख्य इजा रक्तामार्गे होते. औषध पोटात न घालता सुईने टोचले, तरी रक्तात पोहोचल्यावर ते जठरातील प्रोस्टाग्लँडिने थांबवितेच. म्हणजे पोटात घास घालून गोळी घेतली की भय संपले, असे नव्हे. रक्षण हवे असेल, तर ते अस्तराच्या पेशींतच पोहोचले पाहिजे. प्रोस्टाग्लँडिनांची जागा भरून काढणारा दुसरा कोणी रक्षक सापडला तरच हा पेच सुटण्यासारखा होता.

असा रक्षक सापडला तो अगदी अनपेक्षित दिशेने. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे अवघे दोन अणू मिळून झालेला वायू. विजेच्या कडकडाटात तो हवेत तयार होतो. मोटारींच्या धुरातही असतो. हसविणारा वायू म्हणून प्रसिद्ध असलेला नायट्रस ऑक्साइड तो हा नव्हे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून तो तपकिरी विषारी वायूत रूपांतरित होतो. अशा या दूषित हवेतल्या घटकाचा माणसाच्या शरीराशी काही हितसंबंध असेल, असे १९७० पूर्वी कोणी सांगितले असते तर ते हसण्यावारीच गेले असते.

तसा धागा मात्र शंभर वर्षांपासून हाती होता. १८४७ साली इटलीतील तुरिन येथे अस्कानिओ सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरिन हे भयंकर स्फोटक तयार केले. त्याचा थेंब जिभेवर ठेवला की डोके ठणकू लागते, हे त्यांना स्वतःलाच अनुभवाने कळले. पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी त्याच द्रव्यापासून डायनामाइट बनविले. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांना रविवारची सुटी संपवून सोमवारी कामावर आले की डोकेदुखी जडे आणि दोन-तीन दिवसांत अंगाला सवय होऊन ती नाहीशी होई. १८७९ साली लंडनच्या विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनचे सौम्य द्रावण हृद्शूलाच्या रोग्यांना देऊन गुण येतो असे दाखविले. खुद्द नोबेल यांना अखेरच्या दिवसांत हृदयविकारासाठी हेच औषध सांगण्यात आले, आणि दैवाच्या या थट्टेचा उल्लेख त्यांनी एका पत्रात केला. औषध चाले, पण ते का चालते, हे शंभर वर्षे कोणाला ठाऊक नव्हते.

१९७७ साली अमेरिकेत फेरिड मुराद यांनी दाखविले, की नायट्रोग्लिसरिनसारख्या द्रव्यांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि ते रक्तवाहिनीच्या स्नायूंना सैल करते. १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रॉबर्ट फर्चगॉट यांना ससाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर प्रयोग करताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. रक्तवाहिनीच्या आतील नाजूक अस्तर शाबूत असेल, तरच अॅसिटिलकोलीन या द्रव्याने ती सैल पडे. अस्तर खरवडले गेले असेल, तर पडत नसे. म्हणजे ते अस्तर स्नायूला काहीतरी निरोप पाठवीत होते. हा निरोप्या कोण, याचा शोध सहा-सात वर्षे चालला. १९८६-८७ च्या सुमारास फर्चगॉट, लुइस इग्नारो आणि साल्वादोर मोन्काडा यांच्या कामांतून उत्तर आले : तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. कारखान्याच्या धुरातला हा वायू शरीर स्वतः क्षणोक्षणी बनविते, काही सेकंदांत तो आपले काम करतो आणि विरून जातो. एखादा वायू पेशीपेशींत संदेशवाहकाचे काम करतो, ही कल्पनाच तोवर कोणाला सुचली नव्हती. १९९८ चे नोबेल पारितोषिक या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.

येथे दोन्ही धागे एकत्र येतात. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात जॉन वॉलेस आणि त्यांचे सहकारी जठराच्या इजेचा अभ्यास करीत होते. १९८९ साली त्यांनी, इटलीच्या ज्युसेप्पे चिरिनो यांच्यासह, असे प्रसिद्ध केले, की नायट्रिक ऑक्साइड जठराच्या अस्तराचे रक्षण करते. हा वायू अस्तराखालचा रक्तप्रवाह वाढवितो, श्लेष्म्याचा थर राखण्यास मदत करतो, आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून नासधूस करू देत नाही. थोडक्यात, जी कामे प्रोस्टाग्लँडिन करते, त्यांतली बरीचशी तोही करतो. दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला औषध झोपविते. मग दुसऱ्याची कुमक त्याच औषधाबरोबर का पाठवू नये? हाच या संशोधनाचा गाभा होय. इटालियन औषधशास्त्रज्ञ पिएरो देल सोल्दातो यांच्या सहकार्याने असे रेणू घडविले गेले, आणि १९९६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण भागात सोफिया अँटिपोलिस येथे या कामासाठी निकॉक्स नावाची कंपनी स्थापन झाली.

या रेणूची घडण समजावून घेण्यासारखी आहे. नॅप्रोक्सेनचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूच्या एका टोकाला आम्लाचा गट असतो. त्या गटाला चार कार्बन अणूंची एक साखळी जोडावयाची आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला नायट्रोग्लिसरिनमध्ये असतो तसा नायट्रेटचा गट बसवावयाचा. नायट्रोग्लिसरिनमध्ये असे तीन गट असतात. येथे एकच, आणि तोही मोठ्या रेणूच्या कडेला, त्यामुळे स्फोटाचे भय नाही. या संयुगाला नॅप्रोक्सिनॉड असे नाव मिळाले. शरीरात गेल्यावर तेथील एंझाइमे साखळीचा सांधा तोडतात. एका बाजूने नॅप्रोक्सेन मोकळे होते आणि दाह शमवू लागते. दुसऱ्या बाजूच्या तुकड्यातून पुढील क्रियांनी हळूहळू नायट्रिक ऑक्साइड सुटते. शेपटामुळे रेणूचे वजन दीडपट होते. म्हणून नॅप्रोक्सिनॉडच्या ७५० मिलिग्रॅमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम नॅप्रोक्सेनएवढेच औषध असते. हीच युक्ती डायक्लोफेनॅकवर झाली, अॅस्पिरिनवरही झाली.

प्राण्यांवरील प्रयोगांनी आशा फुलविली. १९९४ साली डायक्लोफेनॅकच्या अशा रूपाने उंदरांच्या जठरात मूळ औषधाच्या मानाने फारच थोडी इजा केली, असे प्रसिद्ध झाले. सूज मात्र ते पूर्वीसारखेच कमी करी. प्रोस्टाग्लँडिने दोन्ही औषधांनी सारखीच दाबली जात. म्हणजे पहिला पहारेकरी झोपलेलाच होता. तरी घर सुरक्षित राहिले. कल्पनेची याहून सुबक सिद्धता कोणती असू शकते?

याच सुमारास याच पेचावर दुसरा एक मार्गही निघाला होता, आणि त्याची गोष्ट सांगितल्यावाचून या गोष्टीचा शेवट कळणार नाही. १९९१ च्या आसपास असे दिसून आले, की सायक्लोऑक्सिजनेज एक नसून दोन आहेत. एक जठरासारख्या ठिकाणी नित्य काम करणारे, दुसरे प्रामुख्याने दाहाच्या वेळी जागे होणारे. फक्त दुसऱ्यालाच बांधावे, म्हणजे पोटाला धक्का लागणार नाही, असा हा विचार. त्यातून सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही औषधे निघाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आठ हजारांहून अधिक संधिवाती रोग्यांमध्ये, रोफेकॉक्सिबने जठराचे गंभीर उपद्रव नॅप्रोक्सेनच्या मानाने निम्म्यावर आणले. परंतु त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके मात्र रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत जास्त आढळले. त्या वेळी या आकड्यांचा अर्थ काय लावावा याबद्दल वाद झाला. पुढे दुसऱ्या एका दीर्घ चाचणीत दीड वर्षानंतर हृदयाचा धोका वाढतो असे स्पष्ट दिसले, आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी हे औषध जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आले. तोवर लक्षावधी लोकांनी ते घेतले होते.

या घटनेने नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या औषधांचे महत्त्व एकीकडे वाढले आणि दुसरीकडे त्यांची वाट बिकट केली. महत्त्व वाढले ते अशामुळे, की दाहशामके मूत्रपिंडावर परिणाम करून रक्तदाब थोडा वाढवितात; नायट्रिक ऑक्साइड तर रक्तवाहिन्या सैल करते. मग हे औषध पोटाबरोबर हृदयाचीही काळजी घेईल, असे वाटू लागले. वाट बिकट झाली ती अशामुळे, की दाहशामकांच्या परवान्याचा निर्णय घेणारे आता केवळ तर्काने आणि अल्पकालीन चाचण्यांनी समाधान पावणार नव्हते.

प्रत्यक्ष माणसांवरील चाचण्यांत काय दिसले? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे ९७० रोगी होते. काहींना नॅप्रोक्सिनॉड, काहींना नॅप्रोक्सेन, तर थोड्यांना औषध नसलेली नुसती गोळी देण्यात आली. सहा आठवड्यांनी सर्वांच्या जठरात दुर्बीण उतरवून पाहिले. नॅप्रोक्सेन घेणाऱ्या शंभरांत सुमारे चौदा जणांना व्रण झाले होते. नॅप्रोक्सिनॉड घेणाऱ्या शंभरांत सुमारे दहा जणांना. नुसती गोळी घेणाऱ्यांत एकालाही नाही. चौदाचे दहा झाले, ही सुधारणा खरी; पण दोन्ही औषधे सारखीच असती तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात सुमारे सात होती, आणि शास्त्राच्या रूढ कसोटीला ती शक्यता पाचाहून कमी असावी लागते. उंदरात ज्या कल्पनेने किल्ला राखला होता, तिने माणसात फार तर तटाचा एखादा बुरूज राखला.

निकॉक्स कंपनीने तरी काम सोडले नाही. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातावरील तीन मोठ्या चाचण्यांत अडीच हजारांहून अधिक रोग्यांनी भाग घेतला. वेदना कमी करण्यात औषध नॅप्रोक्सेनच्या तोडीचे ठरले. रक्तदाबाच्या बाबतीत तर नॅप्रोक्सेनच्या तुलनेने वरचा आकडा दोन-तीन मिलिमीटरांनी कमी राहिलेला दिसला. हा फरक लहान दिसतो. परंतु लाखो लोकांच्या बाबतीत लहान फरकालाही मोल असते. २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे परवान्यासाठी अर्ज गेला. मे २०१० मध्ये तज्ज्ञांच्या सल्लागार समितीपुढे तो आला, तेव्हा बहुसंख्य सदस्यांनी परवाना देऊ नये असे मत दिले. जुलैमध्ये प्रशासनाने नकार कळविला : पोटाच्या आणि हृदयाच्या सुरक्षिततेविषयी अधिक मोठ्या, दीर्घकालीन चाचण्या करून या, असे त्यांचे सांगणे होते. २०११ साली युरोपातील अर्जही कंपनीने मागे घेतला. संधिवातावरील औषध म्हणून नॅप्रोक्सिनॉडची वाट तेथेच खुंटली.

हा निर्णय कठोर वाटण्याजोगा आहे. रक्तदाब कमी राहतो, व्रणही थोडे कमी होतात. मग अडचण कोठे? अडचण ही, की रक्तदाबाचा आकडा किंवा दुर्बिणीतून दिसणारा व्रण हे रोग्याच्या भवितव्याचे प्रतिनिधी आहेत. स्वतः भवितव्य नव्हेत. रोग्याला जे हवे असते ते असे, की आपले पोट फुटून रक्त जाऊ नये आणि आपल्याला हृदयविकाराचा झटका येऊ नये. ते सिद्ध करावयाचे तर हजारो माणसांना वर्षानुवर्षे तपासावे लागते. २०१६ साली पूर्ण झालेल्या एका चाचणीवरून त्याची कल्पना येते : सेलेकॉक्सिब हे हृदयाच्या दृष्टीने आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेन यांहून वाईट नाही, एवढेच ठरविण्यास चोवीस हजारांहून अधिक रोगी घ्यावे लागले. एवढा भार एका लहान कंपनीला पेलण्यासारखा नव्हता. रोफेकॉक्सिबचा धडा ताजा असताना तो भार माफ करणेही न्याय्य ठरले नसते. प्रतिनिधीवर विश्वास ठेवल्याची किंमत रोग्यांनी एकदा मोजलेलीच होती.

उंदीर आणि माणूस यांत हा फरक का पडला, याचाही विचार करण्यासारखा आहे. प्राण्यांवरील प्रयोगात पुष्कळदा मोठी मात्रा थोडा काळ देऊन इजा पाहिली जाते; संधिवाताचा रोगी रोज दोनदा गोळी घेतो, आणि तीही वर्षानुवर्षे. शिवाय मोकळे झालेले नॅप्रोक्सेन सर्व शरीरभर पसरते आणि तासन्‌तास आपले काम करीत राहते. शेपटातून सुटणारे नायट्रिक ऑक्साइड मात्र अल्पायुषी. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला पाहता पाहता गिळून टाकते. नेमके जठराच्या अस्तरातच, नेमक्या वेळी आणि पुरेशा प्रमाणात ते सुटेल, याची हमी त्या साध्या साखळीत नव्हती. विष आणि उतारा एका पुडीत बांधता येतात. पण ते एकाच वेळी, एकाच जागी पोहोचतील असे बंधन घालता येत नाही.

जोडणारी साखळीसुद्धा नेहमी निष्पाप नसते. अॅस्पिरिनच्या अशा काही रूपांनी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारल्या, तेव्हा त्याचे श्रेय प्रथम नायट्रिक ऑक्साइडला दिले गेले. पुढे असे आढळले, की त्यांपैकी एका प्रकारात तो पराक्रम वायूचा नव्हता. दोन भागांना जोडणारा जो दुवा होता, त्याच्या विघटनातून निघणारे एक अत्यंत क्रियाशील द्रव्य पेशींचा नाश करीत होते. ज्याला निव्वळ दोरी समजावे, तीच कधीकधी शस्त्र निघते.

तरीही ही कल्पना वाया गेली असे म्हणता येणार नाही. चार कार्बनांची तीच साखळी आणि टोकाचा तोच नायट्रेट गट काचबिंदूवरील लॅटानोप्रोस्ट या औषधाला जोडण्यात आला, आणि त्यापासून बनलेल्या डोळ्यांतील थेंबांना अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ मध्ये परवाना मिळाला. डोळ्यातील पाण्याचा निचरा सुलभ करून आतला दाब उतरविण्यास नायट्रिक ऑक्साइड तेथे मदत करते. जठरात जे साधले नाही, ते डोळ्यात का साधले? एक कारण उघड आहे : थेंब जेथे घालावयाचा तेथेच तो काम करतो, त्याला सबंध शरीराचा प्रवास करावा लागत नाही. वॉलेस पुढे आणखी एका वायूकडे वळले. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही शरीर अल्प प्रमाणात बनविते आणि तोही जठराचे रक्षण करतो. तो सोडणाऱ्या नॅप्रोक्सेनने, २४४ निरोगी माणसांवरील दोन आठवड्यांच्या चाचणीत, व्रणांच्या बाबतीत फार मोठा फरक दाखविला. परंतु २०२१ साली काहींच्या रक्तात यकृताला त्रास होत असल्याच्या खुणा दिसल्या आणि पुन्हा काम अडले. जठर वाचवावे, तर यकृत पुढे येऊन उभे राहावे, असा हा प्रकार आहे.

मग आज रोग्याच्या हाती काय उरले? उरला तो एक साधा आणि काहीसा रुक्ष उपाय. जठराचे रक्षण वाढवीत बसण्यापेक्षा हल्ला करणारे आम्लच कमी करावे. ओमेप्राझोल आणि त्याच्या जातीची औषधे हेच करतात. योगायोग असा, की नॅप्रोक्सिनॉडवर समितीचे प्रतिकूल मत पडण्याच्या अवघे काही दिवस आधी, एप्रिल २०१० मध्ये, नॅप्रोक्सेन आणि आम्ल रोखणारे औषध यांची एकत्र गोळी अमेरिकेत मान्य झाली होती. तीत नवा रेणू नाही, नवे तत्त्व नाही. पण तिचे दोन्ही घटक वर्षानुवर्षे पारखलेले होते. उशाशी दिसणारी पित्ताची गोळी ती याच विचाराची. तीही परिपूर्ण नव्हे. कारण आम्ल कमी झाल्याने जठर वाचते, पण त्यापुढील लहान आतड्याची इजा तिने टळत नाही, आणि रक्तदाबावर तर तिचा काहीच इलाज नाही. म्हणजे मूळ प्रश्न अजून तसाच उभा आहे.

तोवर काही गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात अशा आहेत. वेदनाशामक गोळी दुकानात सहज मिळते, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच गोळी महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे होय. ज्यांचे वय अधिक आहे, ज्यांना पूर्वी व्रण झालेला आहे, ज्यांना रक्त पातळ करण्याची औषधे चालू आहेत किंवा ज्यांचे मूत्रपिंड अथवा हृदय अशक्त आहे, त्यांनी तर वैद्याला विचारल्याखेरीज ती घेऊच नये. शौच डांबरासारखा काळा होऊ लागला, तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये; त्याच दिवशी वैद्याकडे जावे.

नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या दाहशामकांची कथा यशाची नाही; तिला निव्वळ अपयशाची म्हणणेही बरोबर नाही. तिच्यातील तर्क चुकीचा नव्हता. त्या तर्काला रोग्याच्या शरीराने दिलेले उत्तर अपुरे होते, एवढेच. आणि ते अपुरे उत्तर लपविले न जाता आकड्यांत मांडले गेले, तपासले गेले आणि त्याप्रमाणे निर्णय झाला. एका औषधाचा उपद्रव ते बाजारात येऊन पाच वर्षे उलटल्यावर लक्षात आला. दुसऱ्याचे अपुरेपण ते बाजारात येण्यापूर्वीच उघड झाले. गुडघे दुखणाऱ्या वृद्ध माणसाला या दोन गोष्टींतला फरक कदाचित कधी कळणार नाही. पण त्याच्या जिवाची राखण होते ती या फरकामुळेच.